माघारीच्या बाजूने बोलायचंय, पण मामा रुसलेत

ताई,
मी फोंड्याला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात पणजीत आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा आहे. विषय आहे 'परक्या भूमीवर रेंगाळलेल्या युद्धातून सैन्य मागे घेण्यातच शहाणपण आहे'. चिठ्ठ्या काढल्या, त्यात मला अनुकूल बाजू आली. माझे डिचोलीचे मामा फौजेतून निवृत्त झालेत. शांतिसेनेबरोबर ते श्रीलंकेला गेले होते, सुरुंगाचा एक तुकडा अजून त्यांच्या गुडघ्यात आहे. चवथीला सगळे जमलो होतो तेव्हा मी उत्साहाने विषय सांगितला. मामा "मागीर आमी पळून आयले?" एवढंच म्हणाले आणि ताटावरून उठले. तेव्हापासून फोन केला तरी आईशीच बोलतात. मी बाजू बदलून मागू का? नाही बदलली तर ती कशी मांडू, म्हणजे मामांना लागणार नाही आणि मी पडणारही नाही? भाषणाला आठ मिनिटं आहेत. मामांना स्पर्धेला बोलवावं की नाही, तेही सांगा.
– फोंड्याची एक वाचक

बाय,

बाजू बदलू नकोस. मामांसाठी तर मुळीच नको. ही बाजू त्यांच्या विरोधातली आहे असं तू धरून चालली आहेस आणि मामाही तेच धरून बसलेत. सैन्य परत आणा म्हणणारा माणूस सैनिकाला नावं ठेवत नसतो. ज्यांनी त्याला तिथे पाठवलं आणि नेमकं काय झालं की परत यायचं ते सांगितलंच नाही, त्यांच्याकडे तो हिशेब मागत असतो. आणि हा हिशेब मागणाऱ्यांत गणवेशातली माणसं किती होती ते पाहिलंस तर तुलाच आश्चर्य वाटेल. तुझं भाषण या माणसांवर उभं कर.

उदाहरणासाठी सगळे व्हिएतनामकडे धावतात. तू पणजीत बोलणार, समोर गोंयकार बसलेले. तेव्हा सुरुवात पाखल्यांपासून, म्हणजे पोर्तुगीजांपासून कर.

डिसेंबर १९६१. भारतीय फौजा हद्दीवर येऊन ठेपलेल्या. लिस्बनहून पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा संदेश आला: पोर्तुगीज सैनिक जिंकतील नाहीतर मरतील, शरणागती नको, युद्धकैदी नकोत. गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्व्हाकडे साडेतीन हजारांच्या आसपास माणसं आणि लढाऊ विमान एकही नाही. त्याने उगाच माणसं मारायचं नाकारलं आणि १९ डिसेंबरच्या संध्याकाळी शरणागती पत्करली. दोन्हीकडची मिळून पन्नासेक माणसं गेली. लिस्बनचा हुकूम अक्षरशः पाळला असता तर किती गेली असती आणि पणजीची, जुन्या गोव्याची काय दशा झाली असती, हे त्या सभागृहात सांगावं लागणार नाही. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक मे १९६२ पर्यंत कैदेत राहिले, त्यांचा एक तळ तुझ्या फोंड्यातच होता. सालाझारने परतलेल्या गव्हर्नराला सैन्यातून बडतर्फ केलं. १९७४ मध्ये राजवट उलथली तेव्हा त्याला त्याचा हुद्दा परत मिळाला. आणि पुढे हाच माणूस गोव्यात पाहुणा म्हणून आला तेव्हा इथल्या लोकांनी त्याचं आपुलकीने स्वागत केलं. त्याच्याच देशाने ज्याला भेकड ठरवलं, त्याच्याबद्दल आपल्या मनात राग नव्हता. का नव्हता, ते ऐकणाऱ्यांना आपोआप कळेल.

पण हे युद्ध दीड-दोन दिवसांचं. समोरचा उठून म्हणणार, यात रेंगाळणं कुठे आलं? त्याचं बरोबरच असेल. म्हणून गोव्यावर दीड मिनिटाहून जास्त थांबू नकोस. लगेच आफ्रिकेत जा.

अंगोलात १९६१ लाच बंड सुरू झालं होतं. १९६३ ला पोर्तुगीज गिनीत आणि १९६४ ला मोझांबिकमध्ये आग लागली. सालाझारच्या कायद्यात हे परदेश नव्हतेच, समुद्रापलीकडचे प्रांत होते. गोवाही तसाच एक. आता आपल्याच प्रांतातून माघार कोण घेतो? या कायदेशीर सोंगापायी सगळ्या लोकसंख्येची गोळाबेरीज नव्वद लाखांच्या घरात असलेला, युरोपातला गरिबांत जमा होणारा देश तेरा वर्षं तीन आघाड्यांवर लढत राहिला. नऊ हजारांच्या आसपास पोर्तुगीज सैनिक मेले. आफ्रिकन माणसं कितीतरी पट अधिक मेली, आणि तुझ्या भाषणात त्यांचा उल्लेख आला नाही तर मला वाईट वाटेल. सरकारी खर्चातला चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा लष्कर खात होतं. सक्तीची भरती चुकवायला तरुण पोरं चोरवाटांनी फ्रान्सला पळत होती.

हे थांबवलं कुणी? विद्यार्थ्यांनी नाही, कवींनी नाही. गिनीत सेनापती राहिलेल्या जनरल स्पिनोलाने फेब्रुवारी १९७४ मध्ये उघड लिहिलं की हे युद्ध लष्करी बळावर जिंकता येणार नाही. मार्चमध्ये त्याला पदावरून काढलं. २५ एप्रिलला रणगाडे लिस्बनच्या रस्त्यांवर आले, त्यांत आफ्रिकेत फेऱ्या करून थकलेले कॅप्टन हुद्द्याचे अधिकारी होते. लोकांनी त्यांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. आपल्या पाठ्यपुस्तकांत न येणारी पुढची गोष्ट अशी, की या कॅप्टनांच्या क्रांतीतून जे सरकार आलं त्यानेच ३१ डिसेंबर १९७४ ला करार करून गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. आफ्रिकेतून घरी जाऊ द्या म्हणणाऱ्या सैनिकांमुळे आपला कागद पक्का झाला. पणजीच्या स्पर्धेत हे इतर कुणी बोलेल असं मला वाटत नाही.

इथून मूळ मुद्द्यावर ये. प्रतिपक्षाला एकच प्रश्न विचार आणि भाषणात दोनदा विचार: काय झालं म्हणजे आपण जिंकलो असं तुम्ही म्हणाल? उत्तरात ठरावीक जागा, ठरावीक काम किंवा ठरावीक तारीख आली तर लढायला अर्थ आहे. 'स्थैर्य येईपर्यंत', 'शत्रूचा धीर खचेपर्यंत', 'तिथलं सरकार पायावर उभं राहीपर्यंत' असली उत्तरं आली तर समज की उद्दिष्ट संपलंय आणि युद्ध तेवढं चालू आहे.

मामांचं युद्ध नेमकं इथे बसतं. २९ जुलै १९८७ ला कोलंबोत राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला. आपली फौज जाफन्याला उतरली ती शस्त्रसंधी राखायला आणि तमिळ गटांनी खाली ठेवलेली शस्त्रं गोळा करायला. तमिळ लोकांनी सुरुवातीला हारही घातले. ऑक्टोबर उजाडेपर्यंत हीच फौज एलटीटीईशी, त्या तमिळ गटांतल्या सगळ्यात बलाढ्य गटाशी, लढत होती. जाफना विद्यापीठावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेली शिखांची एक तुकडी जवळजवळ अख्खी कापली गेली. २५ नोव्हेंबरला महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन छातीत गोळी लागलेली असताना लढले आणि गेले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. ज्या कामाला पाठवलं ते काम तीन महिन्यांत बदललं, आणि नवं काम कधी पुरं होणार हे दिल्लीत कुणी सांगेना. १९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी फौज परत न्या म्हणून जाहीर मागणी केली आणि दुसरीकडे एलटीटीईशी बोलणी सुरू केली. म्हणजे ज्या सरकारच्या सहीने आपण गेलो ते 'जा' म्हणतंय आणि ज्या लोकांसाठी गेलो त्यांच्यातला सगळ्यात बलाढ्य गट गोळ्या घालतोय. अशा जागी आणखी दोन वर्षं थांबून काय मिळालं असतं, ते प्रतिपक्षाने सांगावं. विश्वनाथ प्रताप सिंहांच्या सरकारने फौज परत आणली. २४ मार्च १९९० ला शेवटचे सैनिक त्रिंकोमाली सोडून निघाले. तोवर बाराशेच्या आसपास जवान गेले होते.

आता मामांविषयी माझा अंदाज सांगते. परत यावं लागलं म्हणून ते दुखावलेले नसावेत. परत आल्यावर जे झालं त्याची ही जखम असावी. मद्रास बंदरावर फौज उतरली तेव्हा तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. देशात निवडणुका होऊन गेल्या होत्या, सरकार बदललं होतं आणि या मोहिमेचं नावही कुणाला काढायचं नव्हतं. शांतिसैनिकांची नावं कोरलेलं स्मारक कोलंबोजवळ श्रीलंकेच्या संसदेपाशी उभं राहिलं, आणि दिल्लीतल्या राष्ट्रीय समर स्मारकाला २०१९ साल उजाडावं लागलं. जो माणूस हुकूम मिळाला म्हणून गेला आणि हुकूम मिळाला म्हणून परतला, त्याला तीसेक वर्षं असं वाटत राहिलं की आपण काहीतरी लपवण्याजोगं केलंय. अशा माणसासमोर भाची 'माघार' म्हणाली तर ताट बाजूला सरणारच. भाषणात तुला एक वाक्य याविषयी घालता येईल: माघारीचा निर्णय घेणाऱ्या सरकारावर परतणाऱ्यांना उजळ माथ्याने घरी आणायची जबाबदारीही असते. हे वाक्य तुझ्या बाजूला दुबळं करत नाही.

दुसरा मोठा मुद्दा 'आणखी थोडं' या मागणीचा. आपल्याकडे भाटाच्या, म्हणजे बागायतीच्या, कुंपणावरून दोन घरांत खटला लागतो, वकिलावर त्या जमिनीच्या चौपट पैसे जातात आणि तरी 'आता इतके घातलेत तर सोडायचं कसं' म्हणून नातवंडंही पणजीच्या कोर्टात तारखा घेत बसतात. सरकारंही अशीच अडकतात, फक्त ती दुसऱ्यांची पोरं घालतात. आधी मेलेल्यांचं मरण वाया जाऊ नये म्हणून आणखी माणसं पाठवायची, हे वरवर फार हृदयस्पर्शी वाटतं. व्हिएतनामचा आकडा इथे वापर. मे १९६८ मध्ये पॅरिसला वाटाघाटी सुरू झाल्या आणि करार जानेवारी १९७३ मध्ये झाला. तिथे मेलेल्या अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन सैनिकांपैकी वीस हजारांहून जास्त जण १९६९ पासून पुढचे, म्हणजे बाहेर पडायचंय हे ठरल्यानंतरचे. नौदलातून परतलेला जॉन केरी नावाचा तरुण अधिकारी १९७१ मध्ये अमेरिकेच्या सिनेट समितीपुढे बसला आणि त्याने विचारलं, एखाद्या चुकीसाठी मरणारा शेवटचा माणूस तू हो, असं कुणाला कसं सांगायचं? हा प्रश्न सावकाश म्हण आणि पुढे दोन सेकंद काही बोलू नकोस. (स्पर्धेत थांबायला कुणी शिकवत नाही, सगळे धावतात.)

अफगाणिस्तानबद्दल मात्र जरा वेगळं बोल, कारण तिथे प्रत्येक वक्ता काबूलच्या विमानतळावरची ती दृश्यं सांगणार आहे. तू तीस वर्षं मागे जा. १५ फेब्रुवारी १९८९ ला जनरल ग्रोमोव्ह अमू दर्यावरचा पूल ओलांडून सोव्हिएत हद्दीत गेला आणि नऊ वर्षांचं युद्ध संपलं. पंधरा हजारांच्या आसपास सोव्हिएत सैनिक त्यात गेले होते. काबूलमधलं नजीबुल्लाचं सरकार आता काही आठवड्यांत कोसळणार असं जाणकार सांगत होते. ते तीन वर्षं टिकलं. त्याच वसंतात मुजाहिदीन बंडखोरांनी जलालाबादवर हल्ला केला तो त्याच्या फौजेने परतवला. ते पडलं एप्रिल १९९२ मध्ये, सोव्हिएत संघच बुडून पैसा, धान्य आणि इंधन आटल्यावर. म्हणजे त्या सरकाराला परक्या सैनिकांपेक्षा रसद आणि स्थानिक टोळ्यांशी जुळवून घेण्याची मोकळीक जास्त उपयोगी पडली. याउलट अमेरिकेने वीस वर्षं थांबून, एका टप्प्यावर एक लाखाच्या घरात सैनिक ठेवून जी अफगाण फौज घडवली, ती अमेरिकन विमानांशिवाय, कंत्राटी तंत्रज्ञांशिवाय लढायला शिकलीच नव्हती. शिवाय २९ फेब्रुवारी २०२० चा दोहाचा करार तालिबानशी झाला आणि काबूलच्या सरकारला त्यात जागाच नव्हती. ऑगस्ट २०२१ मध्ये ती फौज काही दिवसांत विरघळली. परकी फौज जितकी जास्त राहते तितकं स्थानिक सरकार तिच्यावर रेलून बसतं, हा तुझा मुद्दा. माझ्या मते विषयातला सगळ्यात कसदार मुद्दा हाच आहे, आणि तो बहुतेकांच्या हातून निसटतो.

इभ्रतीच्या मुद्द्यावर फार वेळ घालवू नकोस. द गॉलने १९६२ मध्ये अल्जेरिया सोडला म्हणून फ्रान्स लहान झाला नाही. सायगाव पडल्यावर सगळी आग्नेय आशिया कम्युनिस्ट होणार म्हणत होते. १९७९ मध्ये चीन आणि व्हिएतनाम एकमेकांशीच लढले.

आता प्रतिपक्षाची शस्त्रं. ती खरी आहेत, हे आधी मान्य कर. फ्रेंचांच्या बाजूने लढलेल्या अल्जेरियन शिपायांना, हारकींना, फ्रान्सने मागे सोडलं आणि त्यांतले हजारो मारले गेले. अंगोलातून पोर्तुगीज गेल्यावर जे यादवी युद्ध पेटलं ते २००२ पर्यंत चाललं. आपली फौज परतल्यावर तीन महिन्यांत श्रीलंकेत पुन्हा युद्ध भडकलं, ते मे २००९ पर्यंत. राजीव गांधींची हत्या १९९१ ची. अफगाण मुलींच्या शाळा बंद झाल्या. इराकमधून अमेरिकन फौज २०११ च्या अखेरीस निघाली आणि जून २०१४ मध्ये मोसुल इसिसच्या हाती गेलं. 'माघार घेतली की शांतता येते' असं वाक्य तुझ्या तोंडून निघालं तर तू तिथेच हरलीस. ते म्हणूच नकोस.

तू असं म्हण: मोसुल सोडून पळालेली इराकी फौज आठ वर्षं अमेरिकनांच्या देखरेखीखाली तयार झाली होती, नवव्या वर्षात ती काय वेगळं शिकणार होती? अंगोलाची वाट कशाने लागली? तेरा वर्षं कुठल्याही राजकीय तडजोडीला नकार देऊन मग दीड वर्षात गाशा गुंडाळल्याने. हातात काही देण्यासारखं असतं तेव्हा निघालं, तर आपल्या बाजूने उभ्या राहिलेल्या दुभाष्यांना, शिपायांना, मास्तरणींना सोबत आणता येतं, समोरच्याकडून लेखी हमी घेता येते. सगळं संपल्यावर निघणाऱ्याला विमानाच्या चाकाला लटकलेली माणसं पाहत निघावं लागतं. इथे पुन्हा आपलं गाव आठव. भारताने १९५० मध्ये लिस्बनला बोलणी करा म्हणून रीतसर विचारलं होतं. लिस्बनने हा विषय चर्चेचा नाहीच म्हणून कळवलं, आणि १९५३ मध्ये भारताने तिथली वकिलात बंद केली. तेव्हा सालाझार टेबलावर बसला असता तर काही ना काही पदरात पाडून गेला असता. १९६१ मध्ये त्याला काहीच मिळालं नाही.

अफगाण मुलींचा प्रश्न प्रश्नोत्तरात हमखास येणार. त्याला चलाख उत्तर देऊ नकोस. त्यांचं नुकसान झालंय, आणि माघारीच्या पद्धतीत त्यांचा विचार झाला नाही, हे सरळ कबूल कर. मग विचार की त्या शाळा जर परक्या बंदुकीच्या आधारावरच उभ्या होत्या, तर ती बंदूक किती पिढ्या तिथे ठेवायची आणि कुणाच्या मुलांच्या हातात? परीक्षक सहमत होतीलच असं नाही. पण तू पळवाट काढली नाहीस हे त्यांच्या लक्षात येईल.

काही गोष्टी कृपा करून आणू नकोस. पुरंदरचा तह तुला मोह घालेल, मराठी स्पर्धेत तो सगळ्यांनाच घालतो. महाराजांनी २३ किल्ले दिले आणि पुढे परत घेतले, ही गोष्ट टाळ्या मिळवते. पण ते स्वतःच्या मुलखातलं युद्ध होतं, परदेशातलं नव्हे, आणि हुशार प्रतिस्पर्धी तुला एका वाक्यात उडवेल. पानिपत तर काढूच नकोस, पुढची आठ मिनिटं सभागृह पानिपतावरच भांडत बसेल. अहिंसेवरही प्रवचन नको. तुझी बाजू युद्ध वाईट असतं अशी नाही, उद्दिष्ट हरवलेलं युद्ध लांबवू नये अशी आहे. या दोहोंतला फरक राखलास तर मामांसारखा माणूसही तुझं ऐकून घेईल.

आता मामा. फोनवर समजूत घालत बसू नकोस, रविवारी डिचोलीला जा. 'तुम्ही गैरसमज करून घेतला' असं मुळीच म्हणू नकोस. त्यांना दोन गोष्टी विचार: जाताना त्यांना काय काम सांगितलं होतं, आणि शेवटच्या दिवसांत काय काम सांगत होते. मग गप्प बसून ऐक. वही काढू नकोस. त्यांनी सांगितलेलं काही भाषणात वापरावंसं वाटलं तर विचारून वापर, आणि 'माझे मामा' म्हणून मुळीच नको. परीक्षकांना रडवण्यासाठी घरचा माणूस व्यासपीठावर ओढलेला मला आवडत नाही, आणि त्यांना तर नाहीच आवडणार.

स्पर्धेला जरूर बोलव, पण त्याआधी लिहिलेलं भाषण त्यांच्या हातात दे. ते चुका काढतील. तारखा, हुद्दे, कुठली बटालियन कुठे होती, यात फौजी माणसाइतका काटेकोर परीक्षक तुला पणजीत मिळणार नाही. श्रीलंकेचा परिच्छेद काढून टाक म्हणाले तर वाद न घालता काढ. पोर्तुगाल, व्हिएतनाम आणि अफगाणिस्तान एवढ्यावर आठ मिनिटं सहज भरतात.

– ताई